राजाने कुठे मरावं? बाबांसोबत डब्लिन ते ट्रली

नाटकात माणूस मरतो तेव्हा त्याने प्रेक्षकांसमोर मरावं, की पडद्यामागे मरावं आणि कुणीतरी येऊन ते सांगावं? या प्रश्नावर मी वर्षभर वाचलं, मास्टर्सचा प्रबंध लिहिला, तो पासही झाला. उत्तर मात्र मला माहीत नाही. प्रबंधाच्या शेवटी "दोन्ही परंपरांचं आपापलं महत्त्व आहे" असं लिहून मी सुटका करून घेतली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

हा प्रश्न घेऊन ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेला मी बाबांबरोबर केरी परगण्यातल्या ट्रलीला जाऊन आले. झालं असं, की ट्रलीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बरेच मराठी डॉक्टर आहेत. त्यांच्यातली अंजलीताई आणि तिचा नवरा मिलिंददादा यांनी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडे छोटं नाटक मागितलं. मी हौसेने लिहून दिलं. राजकन्या गडावर वाट पाहते आहे, बाप लढाईवर गेला आहे, आणि तो परत येणार नाही. त्याला मी दोन शेवट लिहिले. फ्रेंच पद्धतीच्या शेवटात एक दूत येऊन राजाच्या मरणाची हकीकत सांगतो. इंग्रजी पद्धतीच्या शेवटात राजा रक्तबंबाळ अवस्थेत स्वतःच येतो आणि लेकीच्या मांडीवर प्राण सोडतो. दोन्ही शेवट लागोपाठ करून दाखवायचे, असा माझा बेत होता. मग मिलिंददादाचा मेसेज आला: "हॉल सहाला सोडायचाय. सहाला तिथं बिंगो असतो. एकच शेवट बसेल. कुठला, ते तू येऊन ठरव."

बाबा तीन महिन्यांसाठी वडशाहून आले आहेत. झाडीपट्टीची नाटकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वडसा सांगायला नको. बाकीच्यांसाठी: तिथे, पूर्व विदर्भात, धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावी मांडव पडतात. बाबा दिवसा आरागिरणीत लाकूड कापायचे आणि हंगामात राजा, पाटील, दरोडेखोर व्हायचे. मरणाच्या प्रवेशासाठी त्यांचं नाव होतं. मी घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात गेल्यावर मला त्यांचं ते ओरडून मरणं थोडं खटकायला लागलं होतं. तसं मी कधी बोलले नाही, पण प्रबंधात माझा कल फ्रेंचांकडे का होता ते तुम्ही ओळखलं असेल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात आई गेली. बुधवारी गेली. मोठ्या भावाने, दादाने, मला शुक्रवारी संध्याकाळी कळवलं, पहिल्या सत्राचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आल्यावर. गुरुवारी त्याच दादाने मला फोनवर सांगितलं होतं, "आई बरी आहे, तू अभ्यास कर." याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी दादाशी बाबांच्या औषधांपलीकडे एक वाक्य बोललेले नाही.

शुक्रवार, डब्लिन

मी राहते त्या ॲडम्सटाउनहून लोकल गाडीने ह्यूस्टन स्टेशनला वीसेक मिनिटांत पोचता येतं. तिथून नदीच्या कडेने चालत गेलं की एक जुनं नाट्यगृह लागतं. मधल्या काळात त्याचं चर्च झालं होतं, आता पुन्हा तिथे नाटकं होतात. दिवसा आत पाहू देतात का ते आधी फोन करून विचारा. आम्हाला दाराशी असलेल्या बाईंनी सहज आत सोडलं.

बाबा थेट रंगमंचाच्या मधोमध गेले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. मान वर करून ऐकलं.

"आवाज जाते," म्हणाले. "माइक नसन तवा?"

"नव्हता. मेणबत्त्या होत्या. लोक गप्पा मारायचे, संत्री खायचे."

"मंग आमच्यासारखंच." ते खूश झाले. "आन फ्रान्सवाल्याइचं आन इंग्रजाइचं भांडन कायचं होतं म्हने?"

मी तिथेच पहिल्या रांगेत बसून सांगितलं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या फ्रेंचांचा नियम असा, की नाटक एका जागी, एका दिवसात, एकाच गोष्टीबद्दल घडावं. शोकांतिकेत विनोदी नोकर नको, हलका शब्द नको, रक्त तर डोळ्यांसमोर नकोच. इंग्रजांच्या नाटकात मात्र भुतं, तलवारी, वर्षानुवर्षांच्या उड्या, शेवटी प्रेतांची रास, आणि त्यातच कुणीतरी विनोद करतोय. फ्रेंच त्यांना रानटी म्हणायचे. इंग्रज फ्रेंचांना म्हणायचे थंड, नुसते बोलके. गंमत म्हणजे लंडनचे लोक फ्रेंच नाटकं सर्रास उचलायचे आणि खेळाच्या सुरुवातीला प्रस्तावनेत फ्रेंचांनाच शिव्या घालायचे. डब्लिन समुद्राच्या या बाजूला, इथे दोन्हीकडचं यायचं आणि दोन्ही चालायचं.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे फ्रान्सवाल्याइचा राजा आतच मरे?"

"हो."

"आन लोक तिकीट काढून ते आयकत?"

"हो, बाबा."

"मंग त्या दूतालेच राजाचं काम द्या ना. सारं तर त्यालेच माहीत हाय."

शनिवार, गाडी आणि तालीम

ट्रलीची गाडी ह्यूस्टनहून सुटते. साधारण चार तास लागतात, बऱ्याचदा मॅलोला गाडी बदलावी लागते. तिकीट आठवडाभर आधी ऑनलाइन काढा, बरंच स्वस्त पडतं. जागा आरक्षित केली की सीटच्या वर दिव्यांच्या पट्टीत तुमचं नाव येतं. बाबांनी आपल्या नावाचा फोटो काढला, मग मला खाली बसवून पुन्हा काढला. "हंगामात बोर्डावर येवढं ठळक कधी लिवलं नाई कोनी."

गाडीत शाकाहारी माणसाला चहा-बिस्किटांपलीकडे फार काही मिळत नाही. मी पोळ्या आणि वांग्याची भाजी घेतली होती. समोरच्या आजींनी वास चांगला येतोय म्हणून सांगितलं. त्यांनाही एक पोळी दिली.

मॅलोनंतर डोंगर दिसायला लागले. मी बाबांना सांगत होते, की एका फ्रेंच रूपांतरकाराने इंग्रजी शोकांतिकेतला रुमालच काढून टाकला, कारण रुमालासारखी साधी वस्तू थोर नाटकाला शोभत नाही, आणि तिथे रत्नजडित पट्टी घातली. इंग्रजही काही कमी नव्हते. त्यांनी आपल्याच एका शोकांतिकेतल्या म्हाताऱ्या राजाला शेवट बदलून कित्येक वर्षं जिवंत ठेवलं, लोकांना त्याचं मरण सोसवेना म्हणून.

"पब्लिक रडलं का नाई ते सांग," बाबा म्हणाले. "बाकी तुमच्या कालेजाचं."

स्टेशनवर मिलिंददादा गाडी घेऊन आला होता. अंजलीताईच्या नोकरीमुळे तो इकडे आला आणि आता घरून जेवणाचे डबे पुरवतो. तालमीचा हॉल चर्चच्या मागे आहे. कळकट, पण खाली लाकडी जमीन आणि खरा मखमली पडदा. चाव्या सांभाळणारे एक केरीचे आजोबा खुर्च्या मांडत होते. त्यांनी मला विचारलं, नाटकात कोण मरतं? मी म्हटलं, राजा. "ग्रँड," ते म्हणाले आणि पुढच्या खुर्च्या मांडायला लागले.

राजकन्येचं काम करणारी डॉक्टर ड्युटीवर होती, म्हणून तिच्या जागी मी उभी राहिले. आधी इंग्रजी शेवट. मिलिंददादा राजा, अंजलीताई त्याला आधार देत आणणारी सैनिक. मिलिंददादा आला, भाषण केलं, पडला.

"हे मरन हाय का?" बाबा खुर्चीवरून उठले. "तू तं सोफ्यावर बसल्यासारखा खाली बसला, दादा. सरक, मी दाखवतो."

आणि त्यांनी दाखवलं. तीन झोकांड्या, खांबाला टेकणं, एक हात वर, घशातून तो आवाज. नऊ वर्षांची सई, म्हणजे अंजलीताई-मिलिंददादाची लेक, टाळ्या वाजवत सुटली. मिलिंददादाने तसंच करून पाहिलं. सईने आपल्या बापाला केरीच्या हेलात निकाल दिला, "बाबा, यू डाय टू लाउड."

"लाउडच पाहिजे, माय," माझे बाबा तिला म्हणाले. "मागच्या रांगेतल्या बाईले बी दिसलं पाहिजे."

तिसऱ्या वेळी मिलिंददादाला छान जमलं. डोळे मिटले, मान कलली. राजकन्या म्हणून मी हंबरडा फोडणार, एवढ्यात अंजलीताईची दोन बोटं शांतपणे त्याच्या गळ्यावर गेली.

"डॉक्टर मॅडम!" बाबा ओरडले. "तो मेला हाय! नाडी कायले पाह्यता?"

"सॉरी, काका, हात आपोआप जातो," ती हसून म्हणाली. "आणि खरं सांगू का, एवढं रक्त गेल्यावर माणूस एवढं मोठं भाषण करत नाही."

"तुमच्याकडे करत नसन. आमच्याकडे करते."

पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तिचा हात गळ्याकडे गेला. एकदा तर तिने मान सरळ करून त्याचा श्वासमार्गही मोकळा केला. शेवटी मी म्हटलं, फ्रेंच करून पाहू.

दूताचं भाषण मी बावीस ओळींचं लिहिलं होतं. त्यात मावळता सूर्य होता, घोड्यांच्या टापा होत्या, तुटलेली तलवार होती. प्रबंधात ज्याची तारीफ केली तसंच. दूत झालेल्या अंजलीताईने दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"हे पाठ होईल, पण तोंडात बसत नाही गं. आम्ही डॉक्टर असं सांगत नाही. मी माझ्या पद्धतीनं सांगू?"

"सांग की."

ती आत जाऊन पुन्हा आली. धावत नाही, चालत. एक खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली, मला बसायची खूण केली, दुसरी ओढून स्वतः बसली. आमचे डोळे एका पातळीवर आले.

"तुमच्यासोबत कुणी आहे का?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मला तुम्हाला वाईट बातमी सांगायची आहे." ती थांबली. खरंच थांबली, मला ती बातमी येताना दिसेपर्यंत. "तुमचे वडील वारले. आज दुपारी. मी त्यांच्याजवळ होते."

मग तिने हात पुढे केला नाही, उठलीही नाही. बसून राहिली.

पुढचं वाक्य माझं होतं. मीच लिहिलेलं. ते मला आलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं तर बाबा हॉलच्या बाहेर चालले होते.

मी मागे गेले. ते गाड्या लावायच्या जागेत भिंतीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "थंडी हाय, आत जा." मी गेले नाही.

रविवार, कालवा आणि प्रयोग

आम्ही एका घरगुती बी अँड बीमध्ये राहिलो. दोघांची खोली नव्वद युरो, नाश्त्यासह. मालकीणबाई फार प्रेमळ. बाबांनी ओटच्या लापशीत चार चमचे साखर घातली ते पाहून त्यांनी साखरेचं भांडंच टेबलावर ठेवलं.

त्याच पहाटे हिवाळ्याच्या वेळेसाठी इथली घड्याळं तासभर मागे गेली होती, म्हणून आम्हाला एक जास्तीचा तास मिळाला. ट्रलीत असाल तर कालव्याच्या काठाने ब्लेनरव्हिलच्या पवनचक्कीपर्यंत जरूर चाला. रस्ता सपाट आहे, म्हाताऱ्या माणसांना झेपतो, एका बाजूला स्लीव्ह मिशचे डोंगर. जॅकेट मात्र पावसाचं हवं. आम्ही निम्म्या वाटेवर असताना बाबा म्हणाले,

"दादाले मीच म्हटलं होतं."

"काय?"

"पोरीचा पेपर होऊ दे, मंग सांग. मीच म्हटलं. तो नाई म्हनत होता. तिले राग येईन म्हने. मी म्हटलं येऊ दे. घरातली येक तं शिकून राहिली. तू आली असतीस तं वापस गेली नसतीस."

मी थांबले. ते चार पावलं पुढे गेले, मग तेही थांबले.

"मग मला इतके दिवस का नाही सांगितलं, बाबा?"

"तू त्याच्यावर राग धरला. वाटलं, निवन. नाई निवला. मंग..." ते पाण्याकडे पाहत होते. "मंग मले वाटे, माह्याशी तरी बोलते पोरगी. तेवढं राहू द्या."

हे बोलताना त्यांनी हात हलवला नाही, आवाज चढवला नाही. मांडवभर ऐकू जाणारा माणूस, मला दोन हातांवरून कसंबसं ऐकू आलं.

"फोन कराच्या आधी तो आरागिरनीच्या मागे गेला," ते पुढे म्हणाले. "मी पाह्यलं. येकटाच उभा राहून म्हनून पाहे. 'आई गेली.' मंग 'आपली आई गेली.' मंग पयल्यापासून. मी येवढा जलमभर नट, पन त्याले सांगता नाई आलं का असं म्हन म्हनून. मी तसाच वापस आलो."

पवनचक्कीपर्यंत आम्ही गेलो. आत संग्रहालय आहे असं वाचलं होतं, ते बघितलं नाही. बाहेरच्या बाकावर बसलो. आई कशी गेली हे मी त्यांना पहिल्यांदा विचारलं. त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

एवढं लिहिते, की प्रबंधात दूताच्या भाषणावर माझी सोळा पानं आहेत. वृत्त, प्रतिमा, गती, सगळं. तो दूत वाटेत काय म्हणत आला असेल, यावर एक ओळ नाही.

प्रयोग तीन वाजता होता. मी शेवट ठरवला: दूत, अंजलीताईच्या शब्दांत. बावीस ओळी काढून टाकल्या. मिलिंददादाचा चेहरा पडला, कारण तो सकाळपासून स्वयंपाकघरात मरत होता. बाबांकडे पडद्याची दोरी दिली.

हॉल भरला होता. डॉक्टर मंडळी, कुणाकुणाचे भारतातून आलेले आईवडील, शेजारपाजारचे केरीवाले. अंजलीताईने खुर्ची ओढली तेव्हा मागे एक मूल कुरकुरत होतं, तेही गप्प झालं. तिने वाक्य म्हटलं आणि थांबली. राजकन्येचं काम करणारीही डॉक्टरच. रोज ज्या खुर्चीत बसून ती बातमी देते, तिच्या समोरच्या खुर्चीत बसायची तिची पहिलीच वेळ असावी. तिने माझी वाक्यं म्हटली, पण हळू. बाबांनी पडदा सावकाश ओढला, घाई केली नाही.

सगळ्यांना आवडलं असं नाही. एक काका चहाच्या टेबलाशी स्पष्ट म्हणाले, "राजा मेला कुठं? एवढा कॉस्च्यूम केलाय, दाखवायचा तरी!" त्यावर सईने बापाला पुढे ढकललं. मिलिंददादा चिवड्याची ताटली ठेवून उठला, तीन झोकांड्या, खांब, हात वर, आणि असा काही मेला की हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. एकदा नाही, दोनदा मरावं लागलं. दुसऱ्या वेळी बाबांनी घशातला आवाज दिला. अंजलीताईने नाडी पाहिली आणि "गेले," असं जाहीर केलं. चाव्यांचे आजोबा मला म्हणाले, "युअर मॅन इज मार्व्हलस," म्हणजे इथल्या बोलीत, हा गडी भन्नाट आहे. बिंगोच्या बायका दारात आपापली पेनं घेऊन उभ्या होत्या, त्याही टाळ्या वाजवत होत्या. अठराव्या शतकात डब्लिनला शोकांतिका संपल्यावर एक छोटा फार्स असायचाच. मला ते नेहमी बेचव वाटायचं. आता नाही वाटत.

घरी

सोमवारी दुपारच्या गाडीने परत. सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात, वेळापत्रक पाहूनच निघा. येताना किलार्नीला गर्दी चढली आणि दोन तास एका काकूंची बॅग माझ्या मांडीवर होती. बाबा झोपले होते.

राजाने कुठे मरावं ते मला अजून कळलेलं नाही. बाबांचं मत बदललेलं नाही, राजा समोरच मेला पाहिजे. अंजलीताई म्हणते, समोर मेला तर तिला वाचवावंसं वाटतं. दोन मोठ्या देशांनी शंभर वर्षं भांडून जे सुटलं नाही ते ट्रलीच्या हॉलमध्ये सुटावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मंगळवारी माझ्या सँट्रीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता बाहेर आले. वडशात संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. दादाला फोन लावला.

"बाबाचं औषध संपलं का?" त्याने उचलताच विचारलं.

"नाही. बाबांनी सांगितलं मला. तुला तेव्हा कुणी थांबायला लावलं ते."

तो म्हणाला, "तुहा पेपर कसा गेला होता?"

मला हे त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

"चांगला गेला होता," मी म्हटलं. "पहिला प्रश्न तर मला येतच होता." मग म्हटलं, "दादा, तू काय काय म्हणून पाहिलं होतंस, ते सगळं सांग मला आता."

सुट्टी कधीच संपली होती. मी फोन ठेवला नाही.